पलीकडच्या घराचं वायफाय

१

सकाळी मी आधी शेगडी पेटवते, मग कॉफी ठेवते. कॉफीला फेस येईपर्यंत कुणीतरी पाहुणा जिना उतरून येतो आणि 'सुप्रभात' म्हणायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. डोंगरातल्या आमच्या या ग्रीक गावात हिवाळ्यात माणसांपेक्षा मांजरं जास्त. इथवर कुणी चढून आलं, तर घरच्यांशी बोलायला त्याला काहीतरी हवंच.

वाईट वाटायचं ते पलीकडच्या घराचं. गल्लीच्या त्या बाजूचं घर आमच्या चुलत्यांचं. ती मंडळी मेलबर्नला गेली आणि तिथलीच झाली. चुलतभावानं फोनवर सांगितलं होतं, "थेकला, किल्ल्या तुझ्याकडेच आहेत. पाहुणे ठेव, भाडं तुलाच. फक्त छप्पर पडू देऊ नकोस." छप्पर दगडी फरश्यांचं. दर हिवाळ्यात दोन-चार फरश्या सरकतात, आणि माणसं राहत नसली की घर आतून गार पडत जातं. म्हणून मला तिथं माणसं हवी होती. पण तिथल्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, आणि त्यांच्यातून आमचं वायफाय मुंगीएवढंही पलीकडे जात नव्हतं. पाहुणा एक रात्र राहायचा आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरात खोली मागायचा.

माझा भाऊ आर्गिरिस श्टुटगार्टहून कायमचा परत आला होता. निदान मी तसं धरून चालले होते. त्याचं म्हणणं वेगळं होतं.

"नाताळपर्यंत बघतो," तो म्हणायचा. "पलीकडचं घर भरलं तर थांबतो. नाहीतर तुझ्याबरोबर इथं बसून मांजरं मोजण्यात काय अर्थ आहे?"

त्यानं सगळे मार्ग चाचपून पाहिले. गल्ली नगरपालिकेची, तिचे दगड उकरायची परवानगी मिळायला वर्ष गेलं असतं. विजेच्या तारांतून नेट पाठवता येतं म्हणे, पण दोन्ही घरांची मीटरं वेगळी. मधे ठेवून लहरी पुढं ढकलणारा जोडडबा आणला, तो आमच्याच भिंतीपाशी गुदमरला. शेवटी किनाऱ्यावरचं पर्यटकांच्या तंबूंचं एक ठिकाण बंद होत होतं, तिथून त्यानं दोन वापरलेल्या पांढऱ्या डब्या स्वस्तात उचलून आणल्या. तळहातापेक्षा थोड्या मोठ्या. दोन्ही एकमेकींसमोर धरल्या की हवेतून नेट इकडून तिकडे जातं.

"मधे फक्त मोकळी हवा पाहिजे," आर्गिरिस म्हणाला. "हवा इथं फुकट आहे."

जुन्या घरांना बाहेरून काही ठोकायची मनाई आहे, खिडक्यांच्या चौकटींनाही हात लावायचा नाही. म्हणून आमच्या बाजूची डबी जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या समोरच्या भिंतीला बसवली. पलीकडे वरच्या खोलीत तशीच, खिडकीसमोरच्या भिंतीला. एका खिडकीतून दुसरी खिडकी स्वच्छ दिसते, दगड भिरकावला तर पोचेल एवढ्या अंतरावर. प्रत्येक डबीच्या खालच्या कडेला चार बारीक हिरवे दिवे होते. चारही लागले की जोड पक्का. तिकडच्या डबीला आर्गिरिसनं पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड लावून दिला, म्हणजे आमचा हिशेबाचा संगणक त्यात यायला नको.

संध्याकाळच्या आत चारही दिवे लागले. आर्गिरिसनं त्सिपुरोची, आमच्याकडच्या द्राक्षाच्या दारूची, बाटली काढली आणि मी पिठाच्या पातळ थरांत पालक भरून भट्टीत भाजला. खूप दिवसांनी तो जेवताना गुणगुणत होता.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पलीकडे जाऊन खात्री करून घेत होतो. मी फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरत होते आणि आर्गिरिस डबीपाशी उभा होता.

"जरा खिडकीसमोर येऊन उभी राहा," तो म्हणाला.

मी उभी राहिले. चारांपैकी दोन दिवे विझले.

"बघ, माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. लहरी पाण्यात मुरतात."

"मी पिशवी?"

"तू जरा मोठी पिशवी."

मग तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि एकच दिवा उरला. बाजूला झालो की चारही परत. लहान मुलांसारखे आम्ही आत-बाहेर करत राहिलो. खुर्ची ठेवली, काही झालं नाही. पलंगाची उशी धरली, काही नाही. दिवे फक्त माणसाला ओळखत होते.

खिडकीच्या फळ्या उघड्याच ठेवून, दाराला कुलूप लावून आम्ही परत आलो. वर जाताना मी जिन्याच्या वळणावर सहज डबीकडे पाहिलं. दोनच दिवे लागलेले होते.

मी वरूनच हाक मारली, "आर्गिरिस, तू पुन्हा तिकडं गेलास का?"

"मी पाव कापतोय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी कडेला सरकून पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. काचेवर आभाळ पडलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं तिसरा दिवा लागला, मग चौथा. कुणी आधी एक खांदा वळवावा, मग दुसरा, तसं.

वापरलेली वस्तू, मी मनाशी म्हटलं. स्वस्तात आणली, तर थोडं इकडंतिकडं होणारच.

३

नोव्हेंबरात पोलिक्सेनी आली. वोलोसची, पस्तिशीची, भरभर बोलणारी. परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांना ती संगणकावरून ग्रीक शिकवायची. शहरातलं तिचं लग्न नुकतंच मोडलं होतं. ते तिनं पहिल्याच दिवशी कॉफीबरोबर सांगून टाकलं, पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. वसंतापर्यंत तिला पलीकडचं सगळं घर हवं होतं.

"मला शांतता पाहिजे आणि नेट पाहिजे," ती म्हणाली. "शांतता दिसतेच आहे. नेटचं सांगा, किरा-थेकला." मोठ्या बाईला आमच्याकडे 'किरा' म्हणतात.

"नेट उत्तम आहे," आर्गिरिस माझ्या आधी म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं नाताळचं नाव काढलं नाही.

आठवडाभर सगळं छान चाललं. मग ती दुपारी पिठाची वाटी परत करायला आली आणि दाराशीच रेंगाळली.

"वर्ग मधेच अडकतो हो. मुलं तोंड उघडून थिजतात. एक मुलगा 'आई' हा शब्द लिहीत होता, तो तसाच अर्धवट राहिला."

"तू खिडकीसमोर बसतेस का?" आर्गिरिसनं विचारलं.

"नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणून टेबल कोपऱ्यात ओढलंय. मी बसल्या जागेवरून हलतही नाही. समोरचे दिवे जातात, थोड्या वेळानं येतात. त्यांच्या मर्जीनं."

आर्गिरिस तिच्याबरोबर जाऊन आला. काच पुसली, कोट टांगायचा स्टँड बाजूला केला, डबी काढून पुन्हा लावली. मला सांगताना त्याच्याकडे कारणं भरपूर होती. काचेवर दव धरतं. दुपारी ऊन येतं आणि डबी तापते. धुकं म्हणजेही पाणीच.

ती सगळी कारणं मी मान्य केली. माझ्याकडे आणखी एक होतं, जुन्या भिंती श्वास घेतात, असं आमच्याकडे म्हणतात. पण भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, की दव, ऊन नि धुकं यांनी दिवे हळूहळू मंद व्हायला हवेत. आमचे तसे होत नव्हते. मी आता जिन्यावरून जाता-येता पाहत होते. दोन दिवे जायचे, एकदम, आणि बराच वेळ ते तसेच राहायचे. खिडकीशी येऊन कुणी बाहेर बघत उभं राहतं तेवढा वेळ.

मग मला वाटलं, त्या खिडकीतून बाहेर बघायला आहे तरी काय? डोंगर मागच्या बाजूला. चिनाराचं झाड आणि चौक खालच्या बाजूला. त्या खिडकीतून फक्त आमचा जिना दिसतो.

हे मी आर्गिरिसला सांगितलं नाही. तो अंगणात लाकडं रचत होता आणि गुणगुणत होता.

४

शेवटी त्यानं पलीकडची डबी वर सरकवली, भिंतीवर पार छताजवळ, उंचातल्या उंच माणसाच्या डोक्यावरून सरळ रेषा जाईल अशी.

"आता खाली लग्नाची वरात नाचली तरी फरक पडायचा नाही," तो म्हणाला.

पोलिक्सेनी हसली. त्या दिवशी वर्ग नीट झाला, दुसऱ्या दिवशीही. तिनं आम्हाला जेवायला बोलावलं, मसूर शिजवला होता, आणि त्या 'आई' लिहिणाऱ्या मुलाची नक्कल करून आम्हाला खूप हसवलं. मी वर पाहिलं. चारही दिवे लागलेले होते. मला वाटलं, झालं, बाई, तुझ्या डोक्यातच सगळं होतं.

त्यानंतर दोन दिवस गेले असतील. आर्गिरिस जिन्यावरून खाली आला आणि टेबलाशी बसला.

"परत दोनच आहेत," तो म्हणाला.

"पण ती डबी तर छताला..."

"हो."

"मग?"

"मग काय, खुर्चीवर चढत असेल."

त्यानं ते नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हटलं. मी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. त्यालाही ते म्हटल्याचं बरं वाटलं नसावं. तो उठून कारण नसताना शेगडीत लाकूड सारायला लागला.

पोलिक्सेनी त्या वेळी चौकात पाव आणायला गेली होती. मी तिच्यासाठी लाकडांची टोपली भरली आणि पलीकडे गेले. दुपार स्वच्छ होती, गल्लीत मांजरं उन्हाला पडली होती. हे मी एवढ्यासाठी सांगते, की अंधार नव्हता, मला ताप नव्हता, आणि मी भित्री बाई नाही. आईवडील दोघांनाही मी एकटीनं अखेरची अंघोळ घातली आहे.

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. टोपली खाली ठेवून मी आधी भिंतीकडे पाहिलं. दोन दिवे. मग खिडकीकडे. खिडकीसमोर, उन्हात, एक खुर्ची होती. आमच्याकडे सगळ्या घरांत असतात तशीच, लाकडी सांगाड्याची आणि वळलेल्या गवताच्या बैठकीची. टेबलापाशी असायची ती, तिथं कुणीतरी ओढून आणली होती.

खुर्ची रिकामी होती. पण बैठकीचं गवत खाली दबलेलं होतं. ताणलेलं, मधे दोन खळगे पडलेले, पाय ठेवून उभं राहिल्यावर पडतात तसे. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग गवत करकरलं. आधी एक खळगा वर आला, मग दुसरा, सावकाश, जपून उतरल्यासारखा. भिंतीवर तिसरा दिवा लागला, आणि चौथा.

मी टोपली तिथंच ठेवून निघाले. धावले नाही. दारातून बाहेर पडताना मला इतकंच कळत होतं, की दारात मी मधोमध चालायला नको, शेजारून कुणाला जायला वाट सोडायला हवी.

पोलिक्सेनी गल्लीत भेटली, हातात पाव. मी विचारलं, "खुर्ची तू खिडकीशी नेलीस का गं?"

"नाही तर. तुम्हीच नेली असेल ना, आर्गिरिसदादांनी, डबी लावताना? मी म्हटलं असू दे." मग तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं नाही का, किरा-थेकला?"

"जिने चढून दम लागला," मी म्हटलं.

खरं सांगायला हवं होतं का? मी पुष्कळदा हा विचार केला आहे. पण सांगणार काय? गवत वर आलं, एवढंच. तेवढ्यावर एका माणसाला भर हिवाळ्यात घराबाहेर काढायचं?

५

आर्गिरिसला मात्र मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, याचंच मला जास्त भय वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली यानिना शहरात गेला, डब्यांची नवी जोडी मिळते का बघायला. जाताना म्हणाला, "आज तिकडं जाऊ नकोस."

मी गेले नाही. घरातली कामं करत राहिले. चादरी बदलल्या, जिना झाडला. वळणावर आले तेव्हा डबीवर चारही दिवे होते. मी कठडा पुसायला घेतला, पाठ खिडकीकडे, तोंड भिंतीकडे. पुसता पुसता दोन दिवे विझले.

मी बाजूला होते. मी रेषेत नव्हते, याची मी दोनदा खात्री करून घेतली. तिकडेच असणार, मी म्हटलं, नेहमीसारखं.

आणि मग माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. इतके दिवस ती आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. दिवे एवढंच सांगतात, की दोन डब्यांच्या मधे कुणीतरी आहे. कुठे आहे, ते सांगत नाहीत.

खिशातला फोन वाजला. पोलिक्सेनी होती, हळू आवाजात बोलत होती, मागे मुलांचा कलकलाट अडखळत येत होता.

"किरा-थेकला, माफ करा हं, माझा वर्ग सुरू आहे. आर्गिरिसदादांना जरा बाजूला व्हायला सांगता का?"

"कुठून बाजूला?"

"तिथून, जिन्यातून. तुमच्या मागं खिडकीशी उभे आहेत ना, ते बरोबर डबीच्या समोर आहेत. मी मघाशी हातही केला. इकडंच बघतायत, पण हलत नाहीत."

माझ्या हातात फडकं होतं. समोर भिंत होती, नुकता दिलेला चुना, त्यात एक केसाएवढी चीर. ती चीर मला अजून दिसते. मानेवर ऊन लागत होतं आणि मधेच एका पट्ट्यात ते लागत नव्हतं.

मी वळले नाही. का नाही वळले, हे मला सांगता येतं. वळून काही दिसलं असतं तर मला या घरात राहता आलं नसतं. आणि काही दिसलं नसतं, तरीही.

मी भिंतीकडे बघत, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हटलं, "जरा बाजूला व्हा."

पायरी वाजली नाही. मानेवर ऊन आलं. तिसरा दिवा लागला, मग चौथा.

"हां, आलं," पोलिक्सेनी फोनवर म्हणाली. "आभार सांगा त्यांना."

६

आर्गिरिस परतला तेव्हा पोलिक्सेनी आमच्या दारातच उभी होती. तो गाडीतून उतरतोय तोच ती म्हणाली, "सकाळी बाजूला झालात, बरं केलंत. मुलांची परीक्षा होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लक्षातच आलं नाही माझ्या," तो म्हणाला. "पुढच्या वेळी लगेच ओरडत जा." आणि डिकीतून सामान काढायला वाकला.

ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, कोट न काढता बसला. मी त्याच्यापुढं डोंगरी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं.

"खोटं का बोललास तिच्याशी?"

"काय सांगायचं? तिला अख्खा हिवाळा काढायचाय. शहरातलं घर मोडून आलीय ती." त्यानं पेला दोन्ही हातांत धरला. "तिच्याकडे आता काही नाही ना? इकडं आलं ना?"

"असं वाटतं."

"मग बरंच आहे," तो म्हणाला. पेला खाली ठेवून म्हणाला, "मी श्टुटगार्टला जात नाही, थेकला. तुला इथं एकटीला टाकून..."

तो तिथंच थांबला. 'एकटी' हा शब्द आम्हा दोघांमधे टेबलावर पडून राहिला. कुणी उचलला नाही.

नव्या डब्या त्यानं लावल्याच नाहीत. फेब्रुवारीत नगरपालिकेनं पाण्याच्या नळासाठी गल्ली उकरली. आर्गिरिसनं मुकादमाला दोन वेळचं जेवण आणि त्सिपुरो दिलं आणि त्याच चरात आपली एक नळी टाकून घेतली, तिच्यातून तार. दोन्ही डब्या उतरवल्या. भिंतीतली भोकं बुजवली. तेव्हापासून पलीकडच्या घरात वायफाय इतकं चांगलं आहे, की पाहुणे आवर्जून तसं लिहून जातात. पोलिक्सेनीनं आणखी एक हिवाळा आमच्याकडे काढला. आता ती गावातच राहते, आणि पलीकडच्या छपराच्या फरश्या सरकल्या की आर्गिरिसच्या आधी तिला कळतं. तिच्यात नि आर्गिरिसमधे जे काय चाललंय, ते मला दिसतं, आणि मला आनंद आहे.

जमिनीखालच्या तारेला मधे कुणी उभं राहिलेलं कळत नाही. आम्ही तिघं जेवतो, हसतो, पाहुणे येतात-जातात. त्या गोष्टीबद्दल मी आणि आर्गिरिस पुन्हा बोललेलो नाही. मला कधी वाटतं, की घराला दगडी फरश्या लागतात आणि माणसं लागतात, तसं कुणाला फक्त आपल्याकडे कुणीतरी बघावं एवढंच हवं असेल. कधी वाटतं, मी बसल्या बसल्या गवताच्या खुर्चीची गोष्ट रचली.

गेल्या आठवड्यात दुपारी मी खाली ओट्याशी पीठ लाटत होते आणि आर्गिरिस वरून जिना उतरत होता. दोन्ही हातांत चादरींचा ढीग, तोंडात काहीतरी गुणगुणणं. वळणावर तो थांबला. गाणं थांबलं नाही. त्यानं ढीग छातीशी घेतला, पाठ भिंतीला टेकवली आणि अंग चोरून बाजूला झाला. अरुंद जिन्यात खालून कुणी वर येत असलं की आपण होतो तसा.

थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग मानेनं किंचित नमस्कार केला आणि खाली आला.